दारू सोडण्याची मीटिंग शोधायची कोणी: पिणाऱ्याने की घरच्यांनी?

शुभदा, विक्रोळी
काल परळकरांनी इथे लिहिलं, "ज्याला सोडायची असते तो मीटिंगचा पत्ता स्वतः काढतो. बायकोने शोधलेली मीटिंग चार दिवस टिकते." त्याखाली सगळ्यांनी माना डोलावलेल्या पाहून रात्रभर डोकं ठणकत होतं.

ज्याला सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्याने फोन फिरवायचे, वेळा विचारायच्या, गल्ली शोधायची? आमच्याकडे हे सगळं मी केलं. एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या, नंबरवर फोन उचलणारा स्वतः दारूतून बाहेर आलेला माणूस होता. त्याने आधी विचारलं, ते सेकंड शिफ्टला असतात का? मग त्याप्रमाणे सकाळची मीटिंग सांगितली. शाळेचा वर्ग, बाहेर पाटी नाही, वॉचमनला नुसतं "मीटिंग" म्हटलं की तो वरच्या मजल्याकडे बोट दाखवतो. पहिल्यांदा हे जिन्यातूनच परत फिरले. पुढच्या वेळी एक मेंबर तिकीट खिडकीपाशी घ्यायला आला. त्याने नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. मग मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले माझे यजमान. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, टाकायचं तर टाका. हा पत्ता मी काढला नसता तर कोण काढणार होतं?

परळकर
मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. मी सोबर आहे म्हणून बोलतोय. आईने मला ओढत नेलं, मी मागच्या बाकावर बसलो आणि सुटल्यावर थेट गुत्ता गाठला. एएची अट एकच, दारू सोडायची इच्छा. ती बायकोची असून भागत नाही. वहिनी, तुम्ही अल-अनॉनला जा, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे तो. तिथे हेच शिकवतात: दारू तुमच्यामुळे लागली नाही, तुम्ही ती आवरू शकत नाही, बरी करू शकत नाही.

शुभदा, विक्रोळी
जाते अल-अनॉनला. तिथे शिकले म्हणूनच यांच्या सुपरवायझरला "ताप आहे" असा खोटा फोन करणं बंद केलं. फ्रिजवर पत्ता चिकटवणं म्हणजे नवऱ्याची दारू आवरणं नव्हे. आणि तुम्हाला नंतर जावंसं वाटलं, तेव्हा कुठे गेलात? आईने दाखवलेल्या त्याच वर्गात ना?

अभ्यासू, ठाणे
२०२० चा कॉक्रेन आढावा वाचा, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. दारू पूर्ण बंद ठेवण्यात एए आणि माणसाला एएशी नीट जोडून देणारे उपचार इतरांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. म्हणजे कोणीतरी जोडून देतं तेव्हाही फायदा होतो.

परळकर
जोडून देणारा थेरपिस्ट असतो, बायको नसते.

माळकरी, भांडुप
एवढ्या भानगडी कशाला? माळ घाला. आमच्या काकांनी घातली, त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत. आणि माणूस ऐकतच नसेल तर लोकलच्या डब्यात स्टिकर असतात, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा". आमच्या वहिनीने पुडी भाजीत घातली. महिनाभर घरात शांतता होती.

सिस्टर, सायन
माळेबद्दल वाद नाही, पण पुडीत काय होतं ते सांगा. नाही सांगता येणार, त्यावर लिहिलेलंच नसतं. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असेल आणि वर दारू गेली तर चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी खाली. माणूस दगावतोसुद्धा. डॉक्टर हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने देतात. रात्रपाळीला असा एक पेशंट आला होता. बायको नवऱ्यासमोर पुडीचं नाव काढेना. आम्ही विचारतोय, ती पदर पिळत उभी.

माळकरी, भांडुप
तुम्हा लोकांना गोरगरिबांचा उपाय कधी पटलाय? त्या बाईला रोज मार पडतो, ती तुमच्या संमतीची वाट बघत बसेल? तुम्ही खाल्लाय मार?

सिस्टर, सायन
खाल्लाय. वडिलांचा. म्हणूनच सांगते, मार पडतोय तर तिने घराबाहेर पडावं, १०३ ला, मुंबई पोलिसांच्या महिला हेल्पलाइनला, फोन करावा. भाजीत विष कालवून मार थांबत नाही. आणि रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडू नका. शेवटच्या पेगनंतर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भिंतीवर नसलेले किडे दिसू शकतात. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आधी तिथे दाखवा, मीटिंग त्याच्या जोडीला. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.

माळकरी, भांडुप
बरं, पुडीचं सोडलं. माळेचं सोडणार नाही.

वसईवाला
मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये असली की आपले लोक बिचकतात, त्यावर कोणी बोलत नाही. व्यसनमुक्तीचं काम करणारं कृपा फाउंडेशन १९८१ मध्ये वांद्र्याच्या चर्चमधूनच सुरू झालं. तिथे कोणी धर्म विचारत नाही. पण माझ्या भावाने तेवढ्यावरून वर्ष घालवलं.

शुभदा, विक्रोळी
म्हणूनच म्हणते, सोबत कोणीतरी हवं. जागा कशी आहे, आत काय होतं, हे आधी सांगणारं.

परळकर
सोबत हवी, एवढं मान्य. बायकोचीच हवी, हे नाही. शनिवारी संध्याकाळी सातला मी परळ स्टेशनला थांबेन. ओपन मीटिंग आहे, घरचे आले तरी चालतील. क्लोज्ड असते तेव्हा त्यांना बाहेर थांबावं लागतं. पण कोणाच्या घरी जाऊन उठवणार नाही. आणि त्या दिवशी पिऊन आला तरी येऊ दे, बसेल गप्प.

शुभदा, विक्रोळी
घरी यायला कोण सांगतंय? पूर्वेला की पश्चिमेला, तेवढं लिहा. आमच्या शेजारच्या ताईंना सांगायचंय.