संदर्भसूची म्हणजे कारकुनी नव्हे

लेखांक (धागाकर्ता)

सह्यवासी यांनी परवा येथे लिहिले की, पदव्युत्तर वर्गाच्या असाइनमेंट तपासताना संदर्भसूचीकडे पाहणे त्यांनी सोडून दिले आहे, कारण आशय चांगला असेल तर स्वल्पविराम कोठे पडला यावरून गुण कापणे ही निव्वळ कारकुनी आहे. त्याखाली अनेकांनी आनंदाने होकार भरला. ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी इतिहास शिकवतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे त्या मालेचे २२ खंड झाले. त्यांतल्या कागदांना लेखांक, म्हणजे अनुक्रमांक, आहेत, म्हणूनच खंड आणि लेखांक एवढे दोन आकडे दिले की सव्वाशे वर्षांनंतरचा वाचकही नेमक्या त्या पत्रापाशी जाऊन उभा राहतो. माझे विद्यार्थी मात्र सूचीत नुसते ‘राजवाडे खंड’ असे लिहितात. बावीस खंडांपैकी कोणता, हे मी शोधायचे काय?

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने वतनाच्या तंट्यावर फार सुरेख लिहिले होते. त्याचा मुख्य मुद्दा एका पत्रावर उभा होता आणि तळटीपेत खंड व लेखांक दोन्ही होते. मी आनंदाने ग्रंथालयात गेलो, तर त्या लेखांकाला भलतेच पत्र. विद्यार्थ्याला विचारले, तेव्हा कळले की खंड त्याने कधी हातात घेतलेलाच नव्हता. तळटीप एका नावाजलेल्या पुस्तकातून उचलली होती. त्या पुस्तकानेही ती दुसऱ्या पुस्तकातून घेतली होती आणि त्या प्रवासात आकड्यांची अदलाबदल होऊन ३१चे १३ झाले होते. चूक तशीच पुढे चालत आली, कारण उतरवून घेणाऱ्यांनी मूळ कागद पाहिल्याचा देखावा केला. मला सह्यवासी यांना एवढेच विचारायचे आहे की, आशय चांगला आहे हे तुम्ही कशावरून ठरवता?

सह्यवासी

माझे अर्धेच वाक्य उचलून तुम्ही त्यावर इमारत बांधली आहे. मी स्रोत सांगू नका असे म्हटलेले नाही. स्रोत कोणत्या साच्यात मांडला यावर गुण अवलंबून ठेवू नका, असे म्हटले आहे.

हे साचे किती क्षणभंगुर असतात ते पाहा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीत प्रकाशनस्थळ लिहिणे सहाव्या आवृत्तीपर्यंत आवश्यक होते आणि २०१९च्या सातव्या आवृत्तीने ते काढून टाकले. म्हणजे आदल्या वर्षी ‘पुणे’ लिहिले नाही म्हणून ज्याचा गुण गेला, त्याच्या धाकट्या भावाचा गुण दुसऱ्या वर्षी ‘पुणे’ लिहिले म्हणून गेला. आमच्या महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक एक पद्धत मागतात, समाजशास्त्राचे दुसरी आणि शिक्षणशास्त्राचे तिसरी. विद्यार्थी मात्र एकच असतो. ही शिस्त नव्हे, हा छळ आहे, आणि तो थांबावा असे मला मनापासून वाटते.

अबोली

मी तालुक्याच्या गावी मराठीत एम.ए. करते आहे आणि या वादातला विद्यार्थी मीच आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

पहिल्या सत्रात मला २० पैकी ११ गुण मिळाले. संदर्भसूची चुकीची म्हणून पाच गुण कापले होते. सूची कशी लिहायची हे मला तोपर्यंत कोणीही शिकवले नव्हते, बी.ए.ची तीन वर्षे आम्ही गाइडवर काढली आणि गाइडमध्ये संदर्भसूची नसते. आमच्या ग्रंथालयात नेमलेल्या समीक्षाग्रंथाची एकही प्रत नव्हती. एका ताईने मला दोन प्रकरणांची झेरॉक्स दिली, तिला ती तिच्या सरांनी दिली होती. त्या कागदांवर शीर्षकपान नाही, प्रकाशक नाही, वर्ष नाही, आणि पानांचे आकडेही काही ठिकाणी कापले गेले आहेत. मी काय लिहायला हवे होते, हे लेखांक सरांनी सांगावे. मी इंटरनेटवर शोधून मिळाले ते वर्ष लिहिले. ते दुसऱ्याच आवृत्तीचे निघाले.

निवृत्त ग्रंथपाल

अबोलीताई, तुमच्यावर अन्याय झाला आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. तीस वर्षे मी ग्रंथालयाच्या काउंटरवर बसलो. शीर्षकपानाच्या मागचे पान वाचायला शिकवा, म्हणून दरवर्षी अर्ध्या तासाचा तास मागत असे. तो दोनदाच मिळाला.

पण मला खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम काढले, त्यानुसार प्रबंधाचे इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करायचे, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा बसला आहे. ‘दहा टक्के चालते’ असे प्राध्यापकच विद्यार्थ्यांना सांगतात, जणू दर शंभर ओळींमागे दहा ओळी उचलण्याचा परवानाच मिळाला आहे. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची असते, हे कोणी वाचत नाही. परिणामी मुले अवतरणचिन्हे टाळतात, श्रेय टाळतात आणि शब्द फिरवून लिहितात, कारण तसे केले की टक्का उतरतो.

मराठीत तर अवस्था आणखी वाईट आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर संगणकाला रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून दिसतो, त्यामुळे त्यातून उतरवलेली पानेच्या पाने निर्दोष ठरतात आणि प्रामाणिकपणे युनिकोडमध्ये अवतरण देणारा मुलगा सापडतो.

ओवीकार

सर्वांनी आकड्यांचा आणि साच्यांचा वाद चालवला आहे, पण संतसाहित्याच्या असाइनमेंटमध्ये रोज होणारा अनर्थ कोणालाच दिसत नाही. ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’ असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. कोणती गाथा? इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघालेली, तिच्यावरून पुढे आलेली शासकीय, की जोगमहाराजांनी संपादित केलेली? प्रत्येकीत अभंगांचे क्रमांक वेगळे, कोठे कोठे पाठही वेगळा. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या गाथेत प्रत न सांगता दिलेला क्रमांक म्हणजे गाव न सांगता दिलेला घरक्रमांक आहे. ज्ञानेश्वरीचेही तेच, राजवाडे प्रतीतला ओवीक्रमांक दुसऱ्या प्रतीत सापडेलच असे नाही.

तेव्हा सह्यवासी, प्रकाशनस्थळ गेले तरी चालेल, असे परदेशी संघटनेच्या आधारावर आम्हाला सांगू नका. मानसशास्त्राच्या नियतकालिकांसाठी केलेले नियम आमच्या पोथ्यांना लावण्याचा हा आग्रहच मुळात चूक आहे.

सह्यवासी

मी तो आग्रह धरतो असे तुम्ही कोठे वाचले? मी नेमके त्याच्या विरुद्ध लिहिले आहे. न वाचता उत्तर द्यायचे आणि वर आम्हाला मूळ ग्रंथ वाचा म्हणून सांगायचे, हे शोभत नाही.

आणि तुमच्याच क्षेत्रातले सांगतो. कुसुमाग्रजांची नोंद ‘क’मध्ये करायची की शिरवाडकर म्हणून ‘श’मध्ये? माझ्या एका विद्यार्थिनीने कविता ‘क’मध्ये आणि नाटके ‘श’मध्ये दिली, कारण पुस्तकांवर तशीच नावे आहेत. बहिःस्थ परीक्षकांनी एकाच लेखकाची दोन ठिकाणी नोंद म्हणून दोन गुण कापले. ती मुलगी बरोबर होती असे मी आजही मानतो.

ओवीकार

ती मुलगी चूक होती. मुखपृष्ठावर जे नाव असेल ते लिहावे हे मान्य, परंतु दुसऱ्या नावापाशी ‘पाहा’ अशी उलट नोंद दिल्याशिवाय वाचकाला दोन्ही माणसे एकच आहेत हे कसे कळणार? केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले हे तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षांनी अमराठी संशोधक ती सूची पाहील, त्याला माहीत नसेल.

निवृत्त ग्रंथपाल

उलट नोंद द्यावी हे खरे, पण ती नसल्याबद्दल दोन गुण कापणे अतिरेकाचे आहे, कारण पुस्तक तर सापडतेच. त्याहून गंभीर चूक शकाची असते. जुन्या पुस्तकावर शके १८२० असते आणि मुले ते इसवी सन १८२० म्हणून उतरवतात. पुस्तक एका फटक्यात ७८ वर्षांनी जुने होते. मराठी विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव दिलेले असते, तेही गाळून ‘विश्वकोश’ एवढेच लिहितात. ज्या अभ्यासकाने ती नोंद लिहिली त्याचे श्रेय आपण बेफिकिरीने पुसतो, याचे मला फार वाईट वाटते.

लेखांक

नावांची आणि शकाची चर्चा मोलाची आहे, पण मी ज्यासाठी धागा काढला तो प्रश्न बाजूला पडला. उसन्या तळटीपेचे काय? ज्या पुस्तकात अवतरण वाचले त्याचे नाव न देता मूळ साधनाचे नाव देणे हा साच्याचा दोष नाही, ते खोटे बोलणे आहे, आणि नामांकित प्राध्यापकही ते सर्रास करतात.

सह्यवासी

करतात, आणि का करतात तेही सांगतो. ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला परीक्षक विचारतात, ‘मूळ साधन पाहिले नाही?’ आणि गुण कापतात. खोटी तळटीप देणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मी स्वतः एम.फिल.च्या वेळी, मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून, चौदा ठिकाणचे ‘उद्धृत’ हे शब्द काढून टाकले होते. त्याची मला आजही लाज वाटते.

लेखांक

हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गुण कापण्याच्या भीतीने मुले खोटी नोंद करतात, हा तुमचा मुद्दा मी नाकारू शकत नाही; माझ्याच वर्गात ते घडले असणार. तेव्हा एवढे मान्य करतो की विरामचिन्हांचे आणि क्रमाचे गुण मी यापुढे कापणार नाही. पाहिलेली प्रत, पृष्ठ आणि ‘उद्धृत’ या तीन गोष्टींबाबत मात्र मी तसूभरही मागे येणार नाही, आणि सूची पाहणेच सोडून देणे मला अजूनही कर्तव्यच्युती वाटते.

सह्यवासी

‘कर्तव्यच्युती’ हा शब्द मला लागला आहे. तरीही ‘उद्धृत’ लिहिणाऱ्याचा गुण कापणार नाही असे तुम्ही जाहीर लिहिणार असाल, तर मीही पुढच्या सत्रापासून सूची वाचेन. साचा विचारणार नाही.

लेखांक

जाहीर लिहितो: कापणार नाही. आणि अबोलीताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. जे हातात होते तेच लिहायचे. लेखकाचे नाव, प्रकरणाचे नाव, आणि पुढे ‘झेरॉक्स प्रतीवरून, शीर्षकपान उपलब्ध नाही, आवृत्ती व वर्ष पाहता आले नाही’. पृष्ठाचा आकडा कापला गेला असेल तर प्रकरणातील कितवा परिच्छेद ते द्या. इंटरनेटवरचे वर्ष देऊ नका, कारण ती प्रत तुम्ही पाहिलेली नाही.

अबोली

सर, अशी नोंद केली तर आमच्याकडे ती अपूर्ण म्हणूनच धरतील, हे मला माहीत आहे. तरीही दुसऱ्या सत्राच्या असाइनमेंटमध्ये मी तशीच लिहिली आहे. पाच प्रकरणांपैकी मी दोनच वाचली आहेत, हेही खाली नमूद केले आहे. सोमवारी जमा करायची आहे.