इटालियन मसाला घरी वाळवला, बरणीत बुरशी धरली

ओवी_सहकारनगर:
लेकाला आठवड्यातून दोनदा पास्ता लागतो, ओरेगॅनोची इवलीशी बाटली दहा दिवसांत तळ दाखवते. म्हणून गच्चीत ओरेगॅनो, थाइम, बेसिल, रोझमेरी अशा चार कुंड्या लावल्या. जुलैत ओरेगॅनोला तर अशी जाड, लवदार पानं आली की बघत राहावं! सगळं एकदम खुडलं, धुतलं, टेबलावर पेपर घालून पंख्याखाली पसरलं. पाच दिवसांनी हाताला कोरडं लागलं, मिक्सरमधून काढलं, बरणीत भरलं. आठवड्याने बघते तर झाकणाला आतून थेंब आणि तळाशी पांढरी बुरशी. बेसिल काळं पडलं ते वेगळंच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पावसाळ्यात कुणी वाळवण घालतं का?" कुठे चुकलं? आणि प्रमाण काय घेता तुम्ही?

पेठेतला_काका:
सासूबाईंना आधी नमस्कार सांगा.
ताई, 'जाड, लवदार' वाचलं आणि शंका आली. एक पान मोडून बघा. कट्‌कन मोडलं, आत पाणी दिसलं तर ते ओव्याचं पान. खरं ओरेगॅनो पातळ, नखाएवढं, देठ काडीसारखा. नर्सरीत मलाही हेच ओरेगॅनो म्हणून दिलं होतं. दोष तरी किती द्यायचा, ओरेगॅनोला ज्याचा वास येतो ते कार्व्हाक्रोल ओव्याच्या पानातही असतं. पण पान रसाळ, वरून सुकतं आणि आत ओल धरून बसतं. तुमच्या बरणीतलं पाणी बहुतेक तिथूनच आलं.

दुसरं म्हणजे चारही एकत्र वाळवू नका. थाइम-रोझमेरीच्या जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगायच्या, वाळल्यावर पानं ओरबाडून काढायची. बेसिल चिरडलं किंवा रेंगाळत वाळलं की काळं पडणारच. मी हे काम फेब्रुवारी-मार्चात उरकतो, तेव्हा आपली हवा कोरडी असते. उन्हात मात्र नाही, वास उडून जातो. हाताला कोरडं लागणं ही परीक्षाच नव्हे. पान चुरगळल्यावर भुगा व्हायला हवा, काडी तुटताना आवाज यायला हवा. मिक्सर तर नकोच. पानं अख्खी भरा आणि सॉसमध्ये घालताना तळहातावर चोळा.

प्रमाण: ओरेगॅनो 2 चमचे, बेसिल 2, थाइम 1, मरवा 1, रोझमेरी अर्धा. रोझमेरी वाढली की पास्त्याला मालिशच्या तेलाचा वास येतो. (हे आमच्या हिचं मत, पण खरं आहे.)

जुई२२:
काका, मरवा म्हणजे गजऱ्यातला?

पेठेतला_काका:
तोच. बाजारात मार्जोरम म्हणून महाग मिळतो. फुलवाल्याकडचा मात्र घेऊ नका, तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो, फवारणीचा भरवसा नाही. घरी कुंडीत लावा, बिचारा फार काही मागत नाही.

कर्वेनगरची_पोर:
पावसाळ्यात करायचंच असेल तर मायक्रोवेव्ह. धुतलेली पानं आधी नीट टिपून घ्या. दोन टिशूंच्या मध्ये एकच थर, 1 मिनिट, मग 20-20 सेकंद. समोरून हलू नका. मी फोन घ्यायला गेले आणि टिशूला आग लागली होती. आणि खरं सांगू का, बेसिल वाळवण्यात मजा नाही. ताजंच तोडून शेवटी घाला. वाळकं ओरेगॅनो मात्र कांदा-लसूण परततानाच घाला, तेलात उतरतं.

ओवी_सहकारनगर:
काका, मोडून बघितलं. कट्‌कन मोडलं, बोटं ओली! दोन महिने मी ओव्याला ओरेगॅनो समजून पाणी घालतेय. बरणी फेकली. संध्याकाळी त्याच पानांची भजी केली. लेक स्वयंपाकघरात येऊन विचारतो, "आई, पिझ्झा करतेयस?"