‘हळू म्हणा’ म्हटलं की मुलं नेमकं काय करतात?

सातवी-ब च्या बाई
पाचवी ते आठवीला संगीत शिकवते. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास, ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मुलं येऊन बसेपर्यंत जातात. वर्गात ५८ डोकी.

गेल्या महिन्यात समूहगीताच्या सरावाला पेटीवरून म्हटलं, “दुसरं कडवं हळू म्हणा.” अर्ध्या वर्गाने आवाज बारीक केला, अर्ध्याने चाल ओढली. दोन ओळींत खिडकीकडची मुलं दाराकडच्यांच्या एक शब्द मागे. मी वैतागून “आता जोरात!” म्हटलं, तर अख्खा वर्ग पळत सुटला आणि शेवटच्या ओळीपर्यंत मी भाता मारत त्यांच्या मागे.

घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की चूक पोरांची नाही. हळू बोल म्हणजे बारीक आवाजात. हळू चाल म्हणजे सावकाश. जोरात ओरड, जोरात पळ. आवाज आणि वेग आपण एकाच शब्दात कोंबून ठेवलेत आणि मुलांनी ते वेगळे करावेत अशी अपेक्षा करतो. त्या दिवसापासून वर्गात हे दोन्ही शब्द बंद. आवाजाला बारीक-मोठा, वेगाला सावकाश-भरभर.

आणि एक खेळ सुरू केलाय. केरवा ताल, आठ मात्रा (ठोके): धा गे ना ती, न क धि न. दोन आवर्तनं खुल्या आवाजात, दोन कुजबुजत, दोन नुसती मनात, आणि पुढच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सगळ्यांनी एकच टाळी. पहिल्या दिवशी टाळ्या लाह्या फुटल्यासारख्या आल्या. कुजबुजताना सगळे रेंगाळतात आणि मनात म्हणताना सगळे घाई करतात. आता महिन्याभराने टाळी जवळजवळ एक होते. जवळजवळ.

म्हणून माझं मत, वाद घालायला इथे मांडतेय: पहिल्या सत्रात त्रितालाच्या १६ मात्रा, टाळ्या १, ५, १३ वर, खाली (टाळी न देता नुसता हात दाखवायची जागा) ९ वर, हे वहीत उतरवून घेणं बंद करावं. मुलं ते पेपरात बिनचूक लिहितात आणि राष्ट्रगीत म्हणताना एकमेकांची वाट बघतात. राष्ट्रगीताची ठरलेली वेळ साधारण ५२ सेकंद. आमच्या वर्गाने घड्याळ लावलं तर १ मिनिट ४ सेकंद. आधी आवाज लहान-मोठा करूनही लय जागेवर ठेवायला शिकवा, ताल कागदावर नंतर.

डग्गा
बाई, मी तबला शिकवतो, विरोध नोंदवतो. पाढे पाठ करून गणित येत नाही म्हणून पाढे बंद करत नाही आपण.

तुम्ही म्हणता आधी लहान-मोठा आवाज, मग ताल. अहो, तो तालातच आहे. त्रितालाचा ठेका मोठ्याने म्हणून बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ‘धा’ आणि ‘धिं’ला दोन्ही हात, ‘ता’ आणि ‘तिं’ला डग्ग्याचा (डाव्या हाताच्या, खालच्या आवाजाच्या वाद्याचा) घुमारा नाही. म्हणजे तिसऱ्या भागात खालचा आवाज निघून जातो, वर नुसता तबला उरतो आणि मग घुमारा परत येतो. मुलांच्या कानाला हा चढउतार फुकटात मिळतोय आणि तुम्ही तो वहीतून काढून टाकायला निघालात. टाळी-खाली नुसती लिहायला लावतात ही चूक शिकवणाऱ्याची आहे, तालाची नाही.

आणि एक बारकावा. खाली आपण नवव्या मात्रेवर दाखवतो, पण नवव्यावर ‘धा’च आहे. घुमारा जातो दहाव्याला आणि येतो चौदाव्याला. हात एक सांगतो, कान दुसरंच. सातवीतल्या पोराने हे स्वतः ऐकून पकडलं तर त्याला ताल कळला. कुजबुजीचा खेळ चांगला आहे, पण खेळच आहे.

सातवी-ब च्या बाई
डग्गासाहेब, दहाव्या-चौदाव्या मात्रेची गोष्ट मी सरळ उचलते आहे. इतकी वर्षं शिकवताना मी ती मुलांना कधी दाखवली नाही, कबूल.

पण तुमच्यासमोर चार-पाच विद्यार्थी तबला घेऊन बसतात. माझ्या वर्गात एक पेटी, बाकी लाकडी बाकं. डग्गाच नाही तर घुमारा कुठून आणू? ५८ मुलांनी बाकावर ‘धा’ मारला की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

काळजीवाहू आई
हे सगळं वाचायला छान वाटतं, पण माझी मुलगी गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा देते आहे. तिथे तालाची माहिती विचारतात, दुगुन, म्हणजे ताल दुप्पट वेगात, हातावर दाखवायला सांगतात. त्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. शाळेने वहीतलं बंद केलं तर ते क्लासवर ढकललं जाणार, आणि क्लासची फी आम्हीच भरायची. एवढंच.

टाळकरी
मला मुळात एक कळत नाही. आवाज आणि वेग वेगळे काढायचेच कशाला?

आमच्या गावच्या भजनात मी आठ वर्षांचा असताना टाळ घेऊन उभा राहिलो. कुणी मात्रा सांगितल्या नाहीत. अभंग संथ सुरू होतो, शब्द नीट ऐकू येतात, मग पखवाज चढतो, टाळ चढतात, आवाज चढतो, गजराला छप्पर उडायची वेळ येते. लय आणि आवाज हातात हात घालून चढतात. ख्यालसुद्धा विलंबितातून (संथ लयीतून) द्रुताकडेच (जलद लयीकडेच) जातो ना? मग मराठीत ‘जोरात’ला दोन्ही अर्थ असतील तर ती भाषेची चूक कशी? आपल्या गाण्यात जे आहे तेच शब्दात उतरलंय. वेग तोच ठेवून नुसता आवाज वाढवा-घटवा हा मला बँडवाल्यांचा कारभार वाटतो.

सातवी-ब च्या बाई
दादा, अभंगात लय चढवतो कोण? पखवाजी. त्याने नजर टाकली, विणेकऱ्याने मान हलवली, मग लय चढली. चढवलेली लय वेगळी आणि पळालेली लय वेगळी. माझ्या वर्गात कुणी चढवत नाही, ती आपोआप पळते आणि ५८ जणांपैकी कुणालाही ती थांबवता येत नाही. तुमच्या मंडळात एखादा नवा मुलगा गजराच्या आधीच सुटला तर म्हातारे काय करतात?

टाळकरी
त्याचा टाळ धरून ठेवतात. :) मुद्दा पोचला. पण मी अजून म्हणतो, आधी एकत्र अनुभवू दे, मग वेगळं काढा. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करताय.

न्यूजर्सीकर
बाईंचा ‘हळू’चा मुद्दा मला फार आवडला, आणि तोच खोडून काढायला आलोय.

मुलगा इथे सातवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. कागदावर सगळं लिहिलेलं असतं: पी म्हणजे पियानो, बारीक, एफ म्हणजे फोर्टे, मोठा, आणि आवाज वाढवत न्यायचा असेल तिथे केसाच्या पिनेसारखी उघडत जाणारी खूण. वेगाची सूचना वेगळी, वर, मात्रा मिनिटाला किती ते आकड्यात. इंग्रजीत सॉफ्ट आणि स्लो हे शब्दही वेगळे. एवढं असून त्यांचे मास्तर दर सरावाला एकच गोष्ट ओरडून सांगतात: आवाज कमी करा म्हणालो, वेग नाही! पी आला की बँड पेंगतो, एफ आला की सुटतो. तुमच्या खिडकीकडच्या मुलांसारखाच.

तेव्हा भाषेवर खापर फोडू नका. कारण अंगात आहे. मुलाने घरी वाजवून दाखवलं: बारीक वाजवायचं म्हणजे कमी फुंकायचं असं त्याला वाटतं, पण हवा ढिली पडली की सूर डळमळतो आणि बोटंही सैल होतात. बारीक आवाजाला उलट पोट जास्त घट्ट धरावं लागतं. हे त्याला कळायला एक वर्ष गेलं. तुम्ही वर्गात शब्द बदललेत, ठीक. श्वासाबद्दल काही सांगितलंत का?

सातवी-ब च्या बाई
नाही सांगितलं. हा दणका बसला मला. शब्द बदलल्याने सूचना स्पष्ट झाली, मुलांना आपण कुठे चुकतोय ते सांगता येऊ लागलं, एवढंच मी आता म्हणेन. कुजबुजताना रेंगाळतात ते श्वासामुळे असणार. कुजबुजीला श्वास भसाभस संपतो, मधेच घ्यावा लागतो. उद्या बघते कुठल्या मात्रेवर घेतात ते.

मांडवीकाठचा
न्यूजर्सीकरांनी खुणांचा विषय काढला म्हणून. गोव्यात पोर्तुगीज काळी चर्चच्या पारोकियाल शाळांत मुलांना आधी सोल्फा, म्हणजे कागदावरचे स्वर नावाने म्हणणं, शिकवत, वाद्य नंतर. मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, समोर उभा, हाताने मात्रा दाखवतोय आणि पोरं कागदावरचा स्वर म्हणताहेत. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत एके काळी गोव्याचे इतके वादक होते त्याचं एक मोठं कारण हेच, समोर ठेवलेला कागद त्यांना वाचता येत होता. पन्नास माणसं एका क्षणी बारीक होतात ती कागदामुळे.

गाणं लिहायच्या भातखंडे पद्धतीत समेला फुली, खालीला शून्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कण (सुराला लागून येणारा निसटता सूर), कोमल-तीव्र सगळ्याला खुणा आहेत. आवाज लहान-मोठा करायला खूण नाही. एकटा गाणारा असेल तर लागतही नाही, तो जाणून करतो. पण ५८ मुलांचं समूहगीत हा एकट्याचा मामला नाही. बाई, वही बंद करू नका, वहीत एक खूण वाढवा.

डग्गा
मांडवीकाठच्यांना अर्धं अनुमोदन. (पूर्ण दिलं तर आमच्या गुरुजींना ठसका लागेल.)

हलगीमास्तर
तुमचं सगळ्यांचं वाचून मजा आली राव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर. गणित-विज्ञान शिकवतो, वेळापत्रकात कलेचा तासही माझ्याच नावावर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर कलेला अंशकालीन निदेशक द्यायचा असं आहे. आमचा पट ४३. म्हणजे कायद्यानेसुद्धा आमच्या पोरांना संगीतवाले मास्तर लागत नाहीत.

पेटी नाही, तबला नाही. पण कपाटात २६ लेझमा आहेत आणि सातवीतल्या एका पोराच्या घरी हलगी आहे. बाई, तुम्ही पोरांना बाकावर बसवून लय शिकवताय हीच गफलत. लय पायात असते. मी मैदानात नेतो, हलगीवर ‘चार आवाज’ हा लेझमीचा प्रकार चालू करतो. नीट जमलं की हलगीवाल्याला डोळा मारतो, तो थांबतो. पोरं लेझीम चालूच ठेवतात. आठ-दहा फेऱ्यांनी तो परत घुसतो. जुळलं तर जुळलं. तुमचा मनातल्या केरव्याचाच खेळ आहे, फक्त अंगाने.

बारीक-मोठ्याचं पण होतं. लेझमीच्या चकत्या पूर्ण झटक्याने वाजवल्या तर गावभर ऐकू जातं. मनगट आवळून वाजवल्या तर नुसती छुनछुन. मी म्हणतो, “आता पलीकडं बालवाडीची पोरं झोपलीत.” पाय तेच पडले पाहिजेत, आवाज फक्त लेझमीचा कमी. पहिल्यांदा पाय पण चोरट्यासारखे पडायला लागले. हसून हसून पुरेवाट.

सातवी-ब च्या बाई
मास्तर, “पाय तेच, आवाज कमी” हे वाक्य मी इतके दिवस शोधत होते. आमच्याकडे मैदान दुपारच्या अधिवेशनाला मिळत नाही, पण जागच्या जागी पावलं टाकायला काय हरकत आहे? बाकावरचा आवाजही टळेल.

डग्गा
पावलं टाकताना तोंडाने ठेका म्हणवून घ्या आणि डाव्या पायाला डग्गा समजा. ‘धा’, ‘धिं’ आलं की डावा पाय आपटायचा, ‘तिं’, ‘ता’ आलं की डावा फक्त टेकवायचा. उजवा एकसारखा. दहाव्या मात्रेला खोलीतला आवाज कसा जातो बघा. वहीत नंतर लिहा, मी हट्ट सोडला. पण लिहा.

काळजीवाहू आई
दुगुन पायाने नको म्हणजे झालं, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

न्यूजर्सीकर
बाई, श्वासाचं काय झालं?

सातवी-ब च्या बाई
आज बघितलं. बहुतेक मुलं पाचव्या मात्रेवर, ‘न’च्या आधी श्वास घेतात आणि तिथेच घसरतात. दोन्ही आवर्तनं एका श्वासात करा म्हटलं तर मागच्या बाकावरच्या दोघांनी निळे होईपर्यंत ओढलं, त्यांना खाली बसवलं. मग निम्म्या वर्गाने पाचव्यावर श्वास घ्यायचा, निम्म्याने समेच्या आधी, असं वाटून दिलं. कुजबुज तुटेना. टाळी अजून दोनदा ऐकू येते, पण दोनदाच.

हलगीमास्तर
तुमचं वाचून आज परिपाठाला मी पण राष्ट्रगीताला घड्याळ लावलं. ४३ पोरं आणि आम्ही चार शिक्षक मिळून १ मिनिट ९ सेकंद. मग दुपारी फक्त पोरांना म्हणायला लावलं: ५६. मुख्याध्यापकांना आकडे दाखवायचे का नाही, याच्यावर जरा सल्ला द्या.