शाळेच्या खोल्यांसाठी घरामागे वर्गणी: ग्रामसभेत हात वर करायचा का?

तापीकाठचा
15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावात हा विषय येतोय, म्हणून इथे मांडतो. प्राथमिक शाळेच्या तीन खोल्या धोकादायक ठरल्या, निर्लेखन झालं (म्हणजे सरकारी नोंदीतून काढल्या), पाडल्या. नव्या खोल्यांचा प्रस्ताव मात्र कागदावरच फिरतोय. पहिली-दुसरी व्हरांड्यात बसते, तिसरी-चौथी पत्र्याच्या शेडमध्ये. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा त्या पत्र्याखाली लेकरांना अक्षर कसं दिसावं?

ठराव असा आहे: घरामागे 2000 रुपये, दोन हप्त्यांत, पहिला हप्ता कापूस विकल्यावर. दोन खोल्या गावाने बांधायच्या, तिसरीसाठी पाठपुरावा चालू ठेवायचा. मी हात वर करणार आहे.

माझं कारण सरळ आहे. फाईल थांबू शकते, पोरगं थांबत नाही. आज पहिलीत असलेलं लेकरू खोली मंजूर होईपर्यंत चौथी ओलांडून जाईल. शिवाय ज्यांना परवडतं ते लेकरांना इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवतात. पट घटला की शाळेला खर्चासाठी दरवर्षी मिळणारं संयुक्त अनुदानही घटतं, कारण ते पटावरच ठरतं: 101 ते 250 पट असेल तर 50 हजार, 31 ते 100 असेल तर 25 हजार. आमचा पट त्याच काठावर आहे. इमारत नाही म्हणून पट नाही आणि पट नाही म्हणून पैसा नाही, हे चक्र गावालाच कुठेतरी तोडावं लागेल.

हक्काचं मागा
माझा ठाम विरोध. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण. हे पुरवणं शासनाचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, गावकऱ्यांचं नाही.

आणि आपण पैसे देत नाही असं थोडंच आहे? आयकर भरणारा प्रत्येक माणूस 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकर भरतो. नगरपालिका हद्दीत घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची वेगळी ओळ असते. एकाच खोलीचे पैसे किती वेळा द्यायचे?

मोठा धोका पुढे आहे. तुमच्या गावाने दोन खोल्या बांधल्या की शेजारच्या गावाच्या फाईलवर शेरा पडेल, “लोकसहभागातून करून घ्यावे.” ज्या पाड्यावर वर्गणी देणारं कोणी नाही, तिथल्या लेकरांनी मग कोणाकडे बघायचं? आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला असे पाडे पुष्कळ आहेत.

शेतमजुराची लेक
मी अशाच शाळेत शिकले, त्यामुळे खोल्या व्हाव्यात हे माझ्याइतकं कोणाला वाटत असेल सांगता येत नाही. पण “घरामागे 2000” वाचून आधी आईचा चेहरा आठवला. तिची ती आठवडाभराच्या निंदणीची मजुरी. पंचवीस एकर बागायत असलेल्या घरालाही 2000 आणि सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या घरालाही 2000? माय म्हणते, “पोरेस्नी शाळा शे, देसूत. पन सगळास्ले सारखंच कसं?” तिला उत्तर द्या.

आणि तारीख बदलू नका. 15 ऑगस्टला सगळे गावात असतात. विषय 26 जानेवारीवर ढकलला, तर अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली असेल. ज्यांची लेकरं त्याच शाळेत आहेत तेच मतदानाला नसतील. दुसरं, ग्रामसभेला कोरम, म्हणजे किमान हजेरीची अट आहे: 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातले जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरमचं बंधनच नाही. मग वीस माणसं ठराव करतात आणि सगळं गाव भरतं. आमच्याकडे पाणीपट्टीच्या वेळी हेच झालं.

केळी, पाच एकर
बागायतदाराकडे बोट दाखवणाऱ्यांनी मे महिन्यातल्या वादळानंतर केळीचा बाग एकदा येऊन पाहावा. सोसायटीचं कर्ज सगळ्यांवर आहे. तरी मी जास्त द्यायला तयार आहे, फक्त हिशोब दाखवा. मागच्या सभामंडपाच्या वर्गणीचा हिशोब अजून कोणी वाचून दाखवलेला नाही.

निवृत्त गुरुजी
शाळेत आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, गावाने स्वतःच्या मनाने खोली उभी करू नये. जागा जिल्हा परिषदेची, तेव्हा नकाशा, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता बांधकाम विभागाकडूनच घ्यावी लागते. ती नसताना बांधलेली खोली शाळेच्या नोंदीत येताना अडचण येते, आणि उद्या स्लॅबला तडा गेला तर दुरुस्तीला कोणी येत नाही. वर्गणी गोळा होण्याआधी हा कागद हातात हवा.

दुसरी, सगळंच वर्गणीतून करायची गरज नाही. ग्रामपंचायतीला 2021 ते 2026 या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी ठरला, त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. शाळेची स्वच्छतागृहं आणि पाण्याची टाकी त्यात बसवायला हवी होती. आराखड्यात घेतली होती का आणि किती खर्च झाला, हे ग्रामसेवकांना सभेत विचारा. 40 टक्के अबंधित होता, त्याचाही हिशोब मागा. वर्गणी या सगळ्यानंतर, फक्त उरलेल्या भिंतींसाठी.

देणाऱ्यांची परंपरा आपल्या मातीत आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला, जिथे साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते, देणगीदार गिरणीमालक प्रतापशेठांचं नाव आहे. पण तिथे ज्याच्याकडे होतं त्याने दिलं. शेतमजुराच्या लेकीचं म्हणणं मला म्हणूनच पटतं.

शिरपूरकर, सध्या परदेशी
इकडे अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शाळेच्या इमारतीसाठी थेट मतदान घेतात. लोकांनी हो म्हटलं की त्या भागाचं शाळा मंडळ कर्जरोखे काढतं, म्हणजे कर्ज उभारतं, आणि ते मालमत्ता करातून फेडले जातात. कर मालमत्तेच्या किमतीवर असतो, म्हणजे मोठ्या घराला जास्त. कॅलिफोर्नियात 2000 साली ठरलं की 55 टक्के मतं मिळाली तरी पुरे, पण मग खर्चावर नागरिकांची देखरेख समिती सक्तीची. ती समिती घेण्यासारखी आहे. एक गोष्ट मात्र घेऊ नका: श्रीमंत वस्तीच्या शाळा चकाचक होतात आणि गरीब वस्ती मागे राहते. “हक्काचं मागा” यांची पाड्यांबद्दलची भीती खरी आहे.

हक्काचं मागा
हेच तर सांगतोय. आणि सक्तीचं काय? वर्गणी भरली नाही म्हणून ग्रामपंचायतीत दाखले अडवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ठरावात “ऐच्छिक” हा शब्द लिहिणार का?

तापीकाठचा
लिहू. दाखला, रेशन, शाळाप्रवेश, कशाचाही वर्गणीशी संबंध राहणार नाही, हे ठरावातच येईल. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला वर्गणी नाही, त्याने श्रमदान केलं तर आनंद. बाकीच्यांना एकराप्रमाणे. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या वेगळ्या खात्यात, कारण त्या समितीत 75 टक्के पालक असतात, आणि हिशोब दर महिन्याला शाळेच्या भिंतीवर. पण तुमच्या मूळ मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. हक्क मागत राहू, उपोषणालाही बसू, तोवर लेकरांना पत्र्याखाली ठेवणार नाही.

हक्काचं मागा
मग त्याच सभेत दुसरा ठराव घ्या: गावाने घातलेला पैसा शासनाचं देणं समजावा आणि खोल्या मंजूर होतील तेव्हा तो शाळेच्याच खात्यात परत यावा. मिळेल न मिळेल, मागणी लेखी राहील. तो ठराव असेल तर मी विरोधात हात वर करणार नाही. बाजूनेही करणार नाही.

शेतमजुराची लेक
आदल्या दिवशी महिलांची सभा असते. तिथे हा विषय आधी येऊ द्या, आणि दवंडी आमच्या वस्तीतही द्या. नेहमी चावडीपाशीच थांबते. श्रमदानाचं म्हणाल तर आई निंदणीहून संध्याकाळी येते, त्यामुळे वेळ रविवारची ठेवा.