चॅनल वाढवायला आठवड्यात किती व्हिडिओ टाकायचे? सांगा राजेहो

संत्रावाला पोट्टा, वरुड
राम राम मंडळी. मी संत्र्याच्या बागेवर यूट्यूब चॅनल चालू केलं, सबस्क्राइबर ४०० च्या आसपास हायेत. गावातला एक जण म्हणते रोज टाकल्याशिवाय यूट्यूब उचलतच नाही, दुसरा म्हणते एकच टाक पण दमदार टाक. आता रोज टाकाचं म्हटलं तं बाग कोण पाहीन, अन् रात्री थ्री फेज लाइन आली की ओलिताले जा लागते, एडिटिंग तशीच पडून राह्यते. नेमकं कितीक टाकू? अन् नुसत्या शॉर्टवर भागते का?

कापूसवाला, आर्णी
रोजचं भूत काढ डोक्यातून भाऊ. यूट्यूबवर कमाई चालू कराच्या ५०० सबस्क्राइबरवाल्या पहिल्या टप्प्याले बी यूट्यूब ९० दिवसांत ३च व्हिडिओ मागते, सोबत वर्षभराचे ३००० तास वॉचटाइम, म्हंजे लोकायनं व्हिडिओ पाहिलेला वेळ, नाही तं ९० दिवसांत शॉर्टचे ३० लाख व्ह्यू. जाहिरातीच्या पैशासाठी १००० सबस्क्राइबर अन् ४००० तास. शॉर्ट फीडमधले व्ह्यू त्या तासात धरत नाही, हे लय लोकायले माहीतच नसते, दिवसभर शॉर्ट टाकते अन् मंग तास काहून वाढून नाही राह्यले म्हणून बोंबलते.

बागवाली ताई, मोर्शी
दादा, किती टाकू हे नंतर पाहा, कधी टाकू ते आधी पाहा. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलाच्या) ताणाचा, म्हंजे फुलं याले झाडाचं पाणी तोडाचा, व्हिडिओ नोव्हेंबर सरता सरता आला पाहिजे, फेब्रुवारीत टाकून काय फायदा, तवा झाडाले फुलं असतात. मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरवातीले येणाऱ्या फुलाच्या) ताणाचा उन्हाळ्यात. अन् जुलै-ऑगस्टात फळगळ सुरू झाली का जो तो मोबाइलवर उपाय शोधत बसते, तवा तुमचा व्हिडिओ आधीच तिथं पाहिजे, अन् तो पुढच्या पावसाळ्यात बी चालते. त्यात नुसतं बोलू नका, खाली पडलेली फळं उचला, एक देठाजवळ काळं पडलेलं, एक पतंगानं भोक पाडलेलं, दोन्ही शेजारी शेजारी धरून दाखवा. एवढ्यासाठी माणूस शेवटपर्यंत पाहते. सीझनमधी आठवड्यात दोन, बाकी वेळ एक, अन् तोडणीच्या धामधुमीत नाही जमला तं नाही जमला. बागेत गेलेच हा तं दोन-तीन विषय एकदमच शूट करा अन् शेड्यूल लावून द्या, प्रेक्षक कोणत्या वेळी येतात ते यूट्यूब स्टुडिओ अ‍ॅपात दिसते.

कापूसवाला, आर्णी
ताई बराबर. पण दोन बी जास्तच होते हो, एकट्या माणसाले एकच पुरे.

बागवाली ताई, मोर्शी
घरचं कोणी मोबाइल धराले असन तं होते दोन.

संत्रावाला पोट्टा, वरुड
लहान भाऊ हाय ना, पण त्याले मोबाइल देला का तो गेमच खेळते. बरं ताई, भोक पडलेलं फळ सापडलं पण जवळून फोकसच नाही बसून राह्यला, सगळं धुरकट दिसते.

बागवाली ताई, मोर्शी
मोबाइल हातभर दूर धरा अन् झूम करा. लेन्स पुसली का आधी?