मदत हवी आहे: रापणीत आलेल्या समुद्री सापाच्या कुशीतून काटा बाहेर आला होता

रविवारी सकाळी गोव्यात मोरजीला शापोरा नदीच्या तोंडाजवळ रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, मीही दोरीला हात लावला. बांगडे थोडे, शिंगाळे (काटेवाले मासे) फार. त्यातच हातभर लांबीचा करडा साप, शेपूट वल्ह्यासारखी चपटी. पोट फुगलेलं आणि कुशीतून बोटाच्या पेरभर काटा बाहेर आलेला! रक्त नाही, काही नाही. साप जिवंत होता, पण मलूल.

एक म्हातारे रापणकार "सोड ताका दर्यांत" म्हणाले आणि त्यांनी स्वतःच शेपटीला धरून तो भिरकावला. तेव्हापासून मुलगी डोकं खातेय. काटा कुणाचा? साप जगला असेल का? आणि नदीमुखाच्या त्या गढूळ पाण्यात त्याला मासा दिसतो तरी कसा?

फोटो नाही, हात ओले होते.

*

प्रतिसाद १
काटा शिंगाळ्याचाच. वर्णनावरून हा चोचीसारख्या तोंडाचा समुद्री साप वाटतो, शास्त्रीय नाव हायड्रोफिस शिस्टोसस. खाडीच्या तोंडाशी, गढुळात राहतो आणि शिंगाळे हे त्याचं आवडतं खाणं. दिसण्यावर तो फारसा विसंबत नाही. तळाशी हळूहळू सरकतो आणि मासा अंगाला लागला की वळून धरतो.

खरी गंमत पुढे आहे. घोणस उंदराला डसून सोडून देते, मग वासावरून माग काढते. पाण्यात सोडलेला मासा गेलाच म्हणायचा, म्हणून हा पकड सोडत नाही. विषाने मासा लुळा पडला की डोक्याकडून गिळतो. तसं गिळलं की पाठीचा आणि कल्ल्यामागचे काटे मागे मिटतात. पण शिंगाळा काटे ताठ करून अडकवून ठेवू शकतो. मग कधीकधी ते सापाची कूस फोडून बाहेर येतात. असे साप आढळल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तुमचा साप लगेच मेला असं समजू नका.

मलूल होता तो जाळ्यामुळेही असेल. त्याला फुप्फुस आहे, श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात खाली अडकला तर बुडूनही मरतो.

*

प्रतिसाद २
सगळे असेच शिकार करत नाहीत हं. काहींचं डोकं अगदी बारीक, मान सुतळीसारखी आणि मागचं अंग जाड. ते वाळूतल्या बिळात डोकं घालून वामीसारखे मासे ओढतात. पिवळ्या पोटाचा साप भर समुद्रात ओंडक्यासारखा तरंगतो. मासे सावलीला येतात आणि फसतात.

*

प्रतिसाद ३
ताई, शेपटीला धरण्याचं कौतुक नको. चावा दुखतोच असं नाही, लोक दुर्लक्ष करतात. अर्ध्या तासाने किंवा काही तासांनी अंग ठणकतं, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते. आपल्याकडची नेहमीची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यावर आहे, समुद्री सापावर नाही. चावला तर अवयव न हलवता सरळ बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं.

*

धागाकर्ती
सर्वांचे आभार. मुलीने वहीत काट्यासकट साप काढलाय, शिंगाळा मात्र हसरा. आज रापणकार काकांना चाव्याचं सांगितलं. "चाळीस वर्सां जालीं धरतां," म्हणाले. तरी होडीत एक लांब काठी दिसली.