विश्वासणाऱ्याने शोक करू नये काय?

मिरजकर (प्रश्न)
जय ख्रिस्त. फेब्रुवारीत माझे वडील प्रभूत झोपी गेले. दफनविधीच्या दिवशीच मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आईला बजावले, की रडणे म्हणजे पुनरुत्थानावर शंका घेणे. तेव्हापासून ती कोणासमोर रडत नाही. ती पहाटे मोरीत नळ सोडून रडते. बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद होत नाही, त्यावरून मला कळते. घरसभेत मात्र ती उपकारस्तुतीची साक्ष देते आणि पौलाच्या पत्रातील १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ हे वचन म्हणून दाखवते. त्या वचनाचा अर्थ खरोखर असा आहे काय?

निवृत्त शिक्षक, सातारा
ते वचन अर्ध्यावर तोडू नये. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असे पौल म्हणतो. म्हणजे खेद त्याने धरूनच चालला आहे, मनाई आहे ती निराशेला. मरण पावलेल्या लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५). मोशेसाठी इस्राएल लोकांनी ३० दिवस शोक केला, आणि त्यांच्या विश्वासाची झडती कोणी घेतली नाही.

पवित्र शास्त्रातील विलापगीत या पुस्तकाच्या ५ अध्यायांपैकी पहिले ४ हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत, जणू दुःखाला अ पासून ज्ञ पर्यंत बोलू दिले आहे. आम्ही मात्र थेट तिसऱ्या अध्यायातील दयेच्या ओळींवर उडी मारतो. ८८ वे स्तोत्र तर काळोखावरच संपते, आणि तरीही ती देवाला केलेली प्रार्थनाच आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनात अभंगाची रीत आणली, तेव्हा तिच्याबरोबर आर्त विनवणीही आली होती. आता घरसभेत टाळ्यांचीच गाणी निवडली जातात, हे मला खटकते.

वाईकर
थोडा मतभेद नोंदवतो. माझा भाऊ गेला तेव्हा याच वचनाने मला सावरले. मात्र ते मी स्वतःशी म्हटले होते, दुसऱ्या कोणी मला ऐकवले नव्हते. फरक कदाचित तेवढाच असावा.

परिचारिका, सांगली
मुलेबाळे व संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे मित्र ७ दिवस व ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. बोलायला लागले आणि बिघडले. आपल्या आईंना उपदेश नको, सोबत हवी. वडिलांचा चष्मा, त्यांची सायकल, त्यांच्या आवडीची भाजी यांविषयी आपणच विषय काढावा. मात्र महिनोन्‌महिने झोप व जेवण तुटले, किंवा जगणेच नकोसे झाल्याचे त्या बोलू लागल्या, तर प्रार्थनेबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर त्याच दिवशी न्यावे. त्यात अविश्वास नाही.

मिरजकर
सर्वांचा आभारी आहे. काल रात्री आईला ८८ वे स्तोत्र वाचून दाखवले. शेवटच्या ओळीनंतर ती थोडा वेळ थांबली आणि "एवढंच?" म्हणाली. मी होय म्हणालो. तेव्हा तिने पवित्र शास्त्र माझ्या हातातून घेतले, वडिलांचाच चष्मा लावला आणि ते स्तोत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मध्ये दोनदा तिचा आवाज फुटला, पण ती मोरीकडे गेली नाही.